तीन दिवसांचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोराला नाही, आणि भीमाशंकरला पिंडीपुढं हात जोडून उभी होते तेव्हा – खरं सांगते – तिथंही नाही. देवाला काय सांगायचं, त्याला ठाऊक असेलच, असं म्हणून पुढं सरकले. मागं रांग होती. रांगेचं निमित्त मला बरं सापडलं.

मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही कदाचित मला ओळखता, म्हणून. येडगावच्या धरणाच्या अलीकडं आमचं गाव. आमच्या पडवीत बसून 'माई' नावाची जी बाई मोबाईलवर पापड लाटते, लोणच्याच्या फोडी दाखवते आणि मधनंच शहाणपणाचे चार शब्द सुनावते – ती मी. माझी सून पल्लवी ते व्हिडिओ काढते, आणि मी बोलते लई. घरचं करा, घरचं खा. दुसऱ्याला दाखवायला जगू नका. रात्री उशीला डोकं टेकलं की स्वतःशी खोटं बोलावं लागू नये, एवढं जपा. असलं काहीबाही. पुण्या-मुंबईच्या पोरी खाली लिहितात, माई, तुमचं ऐकून रडू आलं. मला हसू येतं. म्हणजे – येत होतं.

परवा एका बाईनं विचारलं, माई, तुमच्या कुरडया एवढ्या पांढऱ्या कशा? माझ्या तांबूस होतात आणि आंबट लागतात. आता ह्यात काय अवघड? पल्लवीनं मोबाईल धरला, मी पदर सावरला आणि बोलले, गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं, एक दिवस जरी चुकलं तरी कुरडई बिघडते. बास, एवढंच. पण बोलता बोलता जीभ टाळूला चिकटली माझी. पल्लवी म्हणाली, माई, परत घेऊ का? मी म्हणाले, नको, राहू दे.

कारण आंबट, तांबूस कुरडई माझ्याकडनं आयुष्यात एकदाच झाली आहे. आणि ती चुकून झालेली नाही.

थांबा. आधी अक्का सांगते. अक्का सांगितल्याशिवाय हे पुढं जायचं नाही. मला कळतंय, अक्का आधी सांगायची म्हणजे आपली बाजू आधी मांडायची. असू दे. राग खरा होता, तो तरी खरा सांगू दे.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती बागायतदाराच्या घरची आणि मी मंचरची, वडिलांचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान. आमच्याकडं शेत नाही, गोठा नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात तिनं माझं नाव पाडलं – 'बाजारातली'. बाजारातलीला भाकरी थापता येत नाही. बाजारातलीला धार काढता येत नाही. खरंच येत नव्हती, मग काय बोलणार? शिकले. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, खोबरं-कांदा भाजून डोळ्यांची आग करून घ्यायची ती मी, आणि पाहुणे बोटं चाटायला लागले की अक्का पुढं होऊन म्हणायची, आमच्या माहेरची पद्धत आहे ही. घरातलं जे चांगलं झालं ते तिचं, जे करपलं ते माझं. तेही सोसलं. सोसलं म्हणजे विसरले नव्हे हं.

मोठ्या पोराच्या वेळेला मला सातवा महिना होता. माझी आई मंचरहून एसटीनं आली. फाट्यावर उतरून, डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन, भर उन्हातनं चालत. डब्यात कुरडया होत्या. तिनं स्वतः केलेल्या – भाड्याच्या दोन खोल्या, अंगण नाही, शेजाऱ्याच्या गच्चीवर वाळवलेल्या. हायवेची धूळ ती, गच्चीवर उडायचीच. थोड्या काळपट झाल्या होत्या. थोड्याच. आणि मला त्याच खायच्या होत्या, मला डोहाळेच लागले होते तिच्या हातच्या कुरडईचे.

अक्कानं डबा उघडला. आळीतल्या चार बाया बसल्या होत्या. तिनं एक कुरडई उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, "आमच्यात ह्या म्हशीला घालत्यात." आणि नुसती म्हणाली नाही बघा. उठली, मागच्या दारानं गोठ्यात गेली आणि डबा गव्हाणीत पालथा केला. म्हशीपुढं. माझ्या आईच्या देखत.

बाया हसल्या. आईसुद्धा हसली. काय करणार, लेकीचं सासर! चहा न घेता उठली, रिकामा डबा पदराखाली धरला आणि आली तशी फाट्याकडं चालत गेली. त्यानंतर ती माझ्या दारात कधी आली नाही. बारशाला वडील एकटेच आले. तीन वर्षांनी ती गेली, माझ्या घरचा एक घास न खाता.

त्या दिवशी मी डूख धरला. आणि चांगला पंधरा वर्षं जपला. तोंडावर काही दाखवलं नाही. अक्का आल्यागेल्याला सांगायची, आमची सुनंदा आता शहाणी झाली. झालेच होते. लोणचं मुरत ठेवावं तसा तो राग मी मुरत ठेवला होता. अधनंमधनं झाकण काढून बघायचे. होता जागच्या जागी. हिची एक दिवस जिरवायची, आणि चारचौघांत जिरवायची – भाकरी थापताना, केर काढताना, देवाला दिवा लावतानासुद्धा हेच. तुम्ही म्हणाल, एवढा राग? हो. एवढा.

आता शालन. हिच्याबद्दल सांगायचं टाळत होते, पण सांगते.

शालन आमची धाकटी नणंद. घोडेगावच्या बाजूला दिली होती. लग्नाला चार वर्षं झाली नाहीत तोवर मंचरजवळ हायवेला ट्रकनं तिच्या नवऱ्याला उडवलं. पोरबाळ नव्हतं. सासरच्यांनी दिवस झाल्यावर आणून सोडली ती सोडलीच. भावांच्या घरात विधवा बहीण – तुम्हाला सांगायला नको. हळदी-कुंकवाला आतल्या खोलीत. ओटी भरायची वेळ आली की हिला पाणी आणायला पाठवायचं. कुणी मुद्दाम काही बोलत नव्हतं, सगळं आपोआप चाललं होतं.

पण तिचे हात! भिजवल्या गव्हाचा चीक शिजवताना भल्याभल्या बायांच्या गुठळ्या होतात. तिच्या हातानं एक गुठळी नाही, कधीच नाही. तिची कुरडई तेलात टाकली की कढईभर फुलायची, दुधासारखी पांढरी. आळीतल्या बायांना ते कळलं, आणि उन्हाळा लागला की त्या हिच्या मागं यायच्या. शालन, आमच्याकडं कधी येती? शालन, आधी आमच्याकडं ये बाई. एवढ्या एका प्रश्नावर ती बाई जगत होती. तिनं कुरडया पाडायला स्वतःचा पितळी सोऱ्या घेतला होता. तो काखेत धरून ती आळीतनं निघाली की डॉक्टर निघाल्यासारखी निघायची. एरवी भिंतीला अंग चोरून चालणारी बाई, त्या दिवसांत रस्त्याच्या मधनं चालायची.

आणि काय दिवस असायचे ते! पहाटे चुलीवर चीक शिजायचा. आमच्याकडं बिबट्याचं भ्या, म्हणून बाया बॅटऱ्या घेऊन, मोठ्यानं बडबडत, घोळक्यानं यायच्या. सोऱ्यात घालायच्या आधी पहिला चीक वाट्यांत पडायचा. कुणाला वरनं कच्चं तेल, कुणाला दूध-साखर. गरम, जीभ पोळणारा. फुंकर मारायला धीर नाही. मग बाजेवर जुनी धोतरं पसरून कुरडया घालायच्या आणि सासवांना नावं ठेवायची. घरचं सुख, घरचं सुख म्हणून मी मोबाईलवर सांगते ना, ते हेच. ते शब्द खोटे नाहीत. सांगणारी खोटी आहे.

अक्काच्या पोरीचं लग्न ठरलं. नारायणगावकडची तालेवार माणसं. रुखवत आणि पंगतीच्या कुरडया घरी करायच्या ठरल्या, आणि प्रश्न आला, कोण करणार? आमच्यात लग्नाच्या चिकाला विधवेचा हात लागू देत नाहीत. कुणी कधी ठरवलं माहीत नाही, पण नाही. म्हाताऱ्या बायांनी आधीच सुनावलं, शालनला लांब ठेवा. पण अक्काला विहिणीचे डोळे दिपवायचे होते. तिला शालनच्याच कुरडया हव्या होत्या. ती म्हणाली, हात चांगला असला म्हणजे झालं, मी करून घेणार. ते काही शालनवरच्या मायेनं नव्हतं, पण शालनला ते कुठं कळत होतं? लग्नाच्या कामात आपल्याला बोलावलं! तिनं तो सोऱ्या चिंचेनं घासला. दोनदा घासला. मी बघत होते.

मागच्या पडवीत दोन मोठे हंडे भरून गहू भिजत घातले. आणि त्याच दिवशी घोडेगावहून तिच्या दिराचा निरोप आला, सासरच्या वाटणीचं बोलायचंय, येऊन जा. तिला तीन दिवस राहावं लागणार होतं. अक्का बस्त्याच्या आणि निमंत्रणांच्या गडबडीत, घरात पाय ठरत नव्हता तिचा. जाताना शालन उंबऱ्यात थांबली. "वहिनी, सकाळी पानी तेवढं रोज बदला. उन्हाळा लई हाय, इसरू नका." मी म्हणाले, जा गं निवांत, मी आहे ना.

खरं सांगू? पहिल्या सकाळी मी बदलायलाच गेले होते. बादली भरून नेली होती. हंड्याचं झाकण काढलं, पाण्यावर बुडबुडे आले होते, आणि समोर मागचं दार उघडं होतं. दारातनं गव्हाण दिसत होती. म्हैस दुसरी होती, गव्हाण तीच होती. आणि मला आईचा हात दिसला – पदराखाली रिकामा डबा धरलेला. मी झाकण परत ठेवलं. बादलीतलं पाणी तुळशीला घातलं आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेलेसुद्धा नाही. वैशाखातलं ऊन. दुपारी पडवीत वास सुटला, तेव्हा हंड्यांवर ओलं पोतं टाकलं. नवऱ्यानं विचारलं, कसला वास येतोय? मी म्हणाले, गहू भिजलेत, येणारच.

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात झालं. नाही हो. रागाच्या भरात होतं ते एका घटकेत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, शालन पहाटे येणार म्हणून, मी ते पाणी ओतलं आणि गहू चार पाण्यांनी धुतले, वास जावा म्हणून. विसरलेली बाई गहू चारदा धूत नाही. हे मी किती डोकं लावून केलं ते तुम्हाला कळावं, म्हणून सांगते.

पहाटे शालन आली. हंड्यात हात घातला, मूठभर गहू वर काढले, नाकाशी नेले. माझ्याकडं बघितलं. "वहिनी, पानी रोज बदललं व्हतं ना?"

"बदललं की गं."

मग तिनंच म्हटलं, ऊन लई हाय, म्हणून आसंल. निमित्तसुद्धा तिनंच दिलं बघा मला. टाकून दुसरे भिजवायला दिवस कुठं होते? लग्न आठ दिवसांवर. तिनं आणखी दोन पाण्यांनी धुतले, दळले, गाळले, चीक काढला. कुरडया घातल्या. वाळल्या तेव्हा जरा तांबूस दिसत होत्या. शालन म्हणाली, एक तळून बघू या. अक्कानं बघू दिली नाही. तिच्या माहेरची रीत म्हणे, रुखवतातली कुरडई लग्नाआधी कढईत घालायची नाही. मला आतनं हसू फुटत होतं. हिची माहेरची रीत हिलाच गाडणार होती.

लग्नाच्या दिवशी आचाऱ्यानं पहिला घाणा काढला. कुरडया फुलल्याच नाहीत. लाल पडल्या, आखडल्या. त्यानं मला विचारलं, ताई, ह्या वाढायच्या का? मी म्हणाले, वाढायच्या. आणि टोपली मीच उचलली. दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

विहिणीच्या पानात मी दोन वाढल्या. तिनं एक तुकडा तोंडात घातला, चावला, थांबली, आणि उरलेली कुरडई पानाच्या कडेला सारली. शेजारच्या बाईच्या कानाला लागली. मग गोड आवाजात विचारलं, इहीणबाई, कुरडया कुणाच्या हातच्या?

अक्काचं तोंड! आजही ते आठवलं की माझ्या पोटात गार वाटतं. पंधरा वर्षांनी, चारचौघांत, कुरडईवरनंच. एवढी पाहुणेमंडळी नसती तर मी मोठ्यानं हसले असते. माझी आई तिथं असायला हवी होती, डबा घेऊन. बघ गं आई, बघ, असं मी मनात म्हणाले. लपवायचं कशाला? मला आनंद झाला. पोर झाल्यावर झाला नव्हता एवढा झाला.

पण मी अक्काला ओळखूनही ओळखलं नव्हतं. जन्मभर जिनं दुसऱ्याचं चांगलं आपल्या नावावर घेतलं, ती स्वतःच्या घरचं वाईट आपल्या नावावर घेईल होय? तिनं डोळ्याला पदर लावला. "आमच्या शालनच्या हातच्या. पांढऱ्या कपाळाचा हात लागला लग्नाच्या चिकाला, आन् काय व्हनार? माझंच चुकलं, मी लागू दिला."

विहीण अगं बाई म्हणाली आणि तिनं अक्काचा हात धरला. एका घटकेत अक्का गरीब बिचारी झाली. भोळी, मनाची मोठी, विधवा नणंदेला मान देऊन फसलेली. आणि शालन तिथंच होती. पाण्याच्या पिंपाजवळ, हातात तांब्या. तिनं सगळं ऐकलं. आणि तिनं अक्काकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

विचारा, मी काय केलं?

मी टोपली घेऊन पुढच्या पानाकडं गेले.

एवढंच. झालं सांगून. इतकी वर्षं ज्याच्याभोवती घिरट्या घातल्या ते एवढंसंच आहे. अक्कावर मी जे केलं त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा तो दिवस आला तर हंड्यावर झाकण मी पुन्हा ठेवीन की काय, ह्याची मला खात्री देता येत नाही. पण त्या पंगतीत एक वाक्य होतं, चार शब्दांचं – पाणी मी बदललं नाही. ते मी बोलले नाही. बोलले असते तर काय झालं असतं? नवऱ्यानं चार दिवस तोंड फिरवलं असतं, अक्कानं वर्षभर भांडण काढलं असतं. मरत नव्हते मी.

आणि मी एकदाच गप्प बसले असते तरी एक वेळ. पुढच्या वर्षी अक्काच्या पोरीचं पहिलं बाळ राहिलं नाही. तेव्हा बाया परत त्या चिकावर गेल्या. शालनच्या तोंडावर कुणी बोललं नाही, फक्त ती विहिरीवर आली की बाकीच्यांचं पाणी भरून झालेलं असायचं. मी तिथंच असायचे, घागर घेऊन. त्या उन्हाळ्यात, शालन, आमच्याकडं कधी येती, असं तिला कुणी विचारलं नाही. पुढच्याही नाही. सोऱ्या खुंटीला लागला. आणि बायांना तर कुणीतरी हवंच होतं, म्हणून त्या माझ्याकडं आल्या. सुनंदा, तू बघत व्हतीस की तिचं, तू ये. मी गेले. नटून गेले. तिचं बघून बघून शिकले होते, तेच माझं म्हणून करायला लागले. आता सांगा, अक्का आणि मी ह्यांत फरक काय राहिला? मी हा प्रश्न स्वतःला लई वेळा विचारलाय आणि दर वेळी दुसऱ्या कामाला लागलेय.

शालननं भावांचं घर सोडलं. ओढ्यापलीकडं एक खोली घेऊन राहिली. पहाटे मजुरांची जीप यायची, ती मंचरला कांदा निवडायला जायची. माझ्या माहेरच्या गावाला, रोज. वीस वर्षं.

आणि एक राहिलं. हे मला सांगायचं नव्हतं, पण आता काय ठेवायचं? माझ्या आईचा डबा अक्कानं गव्हाणीत पालथा केला त्या दिवशी शालन घरातच होती. लग्न व्हायचं होतं तिचं, पोरगीच होती. बाया गेल्यावर ती गोठ्यात गेली. म्हशीचं तोंड लागलं नव्हतं अशा चार कुरडया तिनं गव्हाणीच्या कडेच्या वेचल्या, पदरानं पुसल्या आणि गुपचूप तळून मला माळवदाच्या जिन्यात आणून दिल्या. म्हणाली, "वहिनी, खा. तुमच्या आयच्या हाताला लई चव हाय." त्या घरात माझ्या आईला चांगलं म्हणणारी ती एकटी होती. मी त्या खाल्ल्या. रडत रडत चारही खाल्ल्या. हे सगळं मला हंड्यावर झाकण ठेवताना आठवत होतं. विसरले होते असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

अक्का अजून आहे. दात गेले, नजर गेली, पोरगी फिरकत नाही. दर सणाला मी तिच्या ताटात दोन कुरडया वाढते, दुधात भिजवून. 'बाजारातली'च्या हातच्या. ती चोखत चोखत खाते आणि आणखी मागते. मी वाढते. मला बरं वाटतं. लोक म्हणतात, जाऊ असावी तर अशी.

गेल्या उन्हाळ्यात ऑर्डरी लई आल्या. पल्लवीला जुनं काहीच ठाऊक नाही. तिनं कुठूनतरी ऐकलं की शालनआत्यांच्या हाताला पूर्वी नाव होतं, आणि गेली बोलवायला. मला वाटलं, येणार नाही. आली. केस पांढरे, बोटं कांद्यानं चिरलेली, काखेत फडक्यात गुंडाळलेला सोऱ्या. फडकं सोडलं तर पितळ चकचकीत. वीस वर्षं घासत होती ती तो. कुणी बोलावत नसताना.

पडवीत हंडा होता. मी म्हणाले, शालन, पाणी सकाळीच बदललंय. आणि बदललं होतं हो! दोनदा बदललं होतं. शालननं ऐकलं. झाकण काढलं, हंडा कलता केला आणि सगळं पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी ओतून दिलं. पल्लवी हसत म्हणाली, आत्या, माईंनी बदललंय की.

"आसंल," शालन म्हणाली. माझ्याकडं न बघता, नवं पाणी भरत. "पन पानी मी आता कुनावर सोडत न्हाई."

तेव्हा कळलं. तिला माहीत होतं. मूठभर गहू नाकाशी नेले त्या पहाटेपासून माहीत होतं. पंगतीत तिनं माझ्याकडं बघितलं ते उगाच नव्हतं, वाट बघत होती ती माझी. आणि वीस वर्षं गप्प बसली. भावाच्या घरात भावजयीविरुद्ध बोलून जाणार कुठं? आणि पांढऱ्या कपाळाचं ऐकणार कोण? मी हेही धरूनच चालले होते, तेव्हासुद्धा.

पल्लवीनं मोबाईल चालू केलेला होता. मला बोलता आलं असतं. समोर शालन, समोर मोबाईल, जीभ माझ्याच तोंडात. मी काय बोलले माहिती आहे? बघा बरं का, पाणी रोज बदलायचं, ह्यातच सगळं आहे. आणि पुढं नेहमीचं – जे कराल ते खरं करा, स्वतःशी खोटं वागू नका. शालन खाली मान घालून गहू चोळत होती.

तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. लई चालला. त्यात तोंड कुणाचंच दिसत नाही, फक्त हात दिसतात आणि माझा आवाज ऐकू येतो. खाली बायांनी लिहिलंय, माई, काय हात आहेत तुमचे, देवानं दिलेत. पल्लवीनं सगळ्यांना नमस्कार पाठवलाय. मी काही दुरुस्त केलं नाही.

ते हात माझे नाहीत, शालनचे आहेत. अक्काच्या पोरीच्या लग्नातल्या गव्हाचं पाणी बदललं नव्हतं ते मी, आणि जाणूनबुजून. शालनच्या हाताला तेव्हाही काही झालेलं नव्हतं.